आधी भाकऱ्या, मग परात

आत्याबाई, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की या घरात तुमचा आवाज नीट आठवणारी आता दोनच माणसं उरली आहेत. एक तुमचा मुलगा, म्हणजे हे, आणि दुसरी मी. ह्यांना तुमचा आवाज आठवतो तो गल्लीच्या टोकापर्यंत जाणाऱ्या हाकेचा. मला आठवतो तो भाकरी थापताना खालच्या पट्टीत बोललेला, शेजारी बसलेल्यालाच काय तो ऐकू यावा असा. आज सकाळी बऱ्याच महिन्यांनी मी स्वतः भाकऱ्या थापायला बसले. हल्ली आमच्याकडे भाकरी विकत येते. कोपऱ्यावर एक बाई कडक भाकरीचे पुडे विकतात, वर शेंगाचटणीची पुडी. तुम्ही तो पुडा हातात घेऊन उलटसुलट केला असता आणि काहीतरी खोचक बोलला असतात. मी थापायला बसले त्याचं कारण वेगळं होतं, आणि ते सांगायलाच हे लिहायला घेतलं आहे. पण मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. सगळी नोकरी शाळेत मुलांना "थोडक्यात उत्तरे लिहा" असं सांगण्यात गेली, आणि माझं स्वतःचं एक उत्तर कधी थोडक्यात झालं नाही.

गल्लीतलं ते जुनं घर तुमच्यापुढे उभं करायची काही गरज नाही, पण मलाच ते एकदा फिरून बघावंसं वाटतं. पुढच्या खोलीत मामंजी. सकाळची लिंगपूजा झाली की कपाळाला इभूत लावून दुकान उघडायच्या वेळेपर्यंत ते दारातल्या लाकडी पेटीवर बसायचे. मधल्या खोलीत दीर, त्याची पुस्तकं आणि घरभराच्या गाद्या. मागे तुमचं स्वयंपाकघर. दाराबाहेर उतार, उताराच्या खाली नळ, आणि नळावर दिवसातून दोनदा अख्खी गल्ली. मी करकंबची, आमच्या घरात मराठीच. तुम्ही सीमेलगतच्या मैंदर्गीच्या, त्यामुळे रागावणं, देवाशी बोलणं आणि झोपेत बरळणं हे सगळं तुमचं कानडीतून चालायचं. मला सुरुवातीला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. तुम्ही रागावलात की देवाशी बोलताय, हे मी तुमच्या हातांकडे बघून ओळखायची. लग्न होऊन आले तेव्हा दुष्काळ नुकताच सरला होता आणि रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी सगळ्यांना आठवत होती. घरातला दाणाही खाली पडलेला तुम्हाला चालायचा नाही. पुढं जे झालं त्याला ही गोष्ट कारण आहे, म्हणून लिहून ठेवते.

तुमची बोलायची एक पद्धत होती. भिंत पातळ, मामंजींचे कान तिखट, म्हणून घरातलं महत्त्वाचं जे काही असेल ते तुम्ही भाकरी थापतानाच बोलायचा. थापेच्या आवाजाखाली बोलणं जायचं. किती जोरानं थापलं म्हणजे बाहेर ऐकू जाणार नाही आणि शेजारी बसलेलीला मात्र नीट कळेल, याचं माप तुमच्या तळहातात होतं. भाकरी तव्यावर पडली की थाप थांबायची आणि बोलणंही थांबायचं. मग तुम्ही वरून पाण्याचा हात फिरवायचा, भाकरी उलटायची, निखाऱ्याला लावायची, पुढचा गोळा मळायचा, आणि मग राहिलेलं वाक्य पुढं. दिराचं कॉलेज, मामंजींची खोकल्याची उबळ, माझ्या माहेरचं काही, सगळं मला असं तुकड्यातुकड्यानं कळलं. ती भाकरी थापायची पद्धत मी शिकले. ते माप काही मला आलं नाही.

त्या दिवशीही तसंच. मी शाळेत जायच्या घाईत विळीवर कांदा चिरत होते. तुम्ही परातीत पहिली भाकरी घेतली आणि थापता थापता म्हणालात, "तुमी दोगं वायलं निघा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. विचारलं, "कोण दोघं?"

"तू आन् माजा ल्योक. दुसरं कोण हाय हितं?"

वेगळं निघणं म्हणजे तेव्हा साधी गोष्ट नव्हती. थोरल्या मुलानं बिऱ्हाड हलवलं म्हणजे घर फुटलं, आणि घर फुटलं म्हणजे सुनेनं फोडलं. मी म्हटलं, "माझं काही चुकलं का, आत्याबाई?" तेवढ्यात तुम्ही भाकरी तव्यावर टाकलीत. झालं, आता उलटेपर्यंत मी तशीच बसून. तुम्ही पाणी फिरवलंत, उलटलीत, शेकलीत, अगदी सावकाश. मग दुसरा गोळा.

"न्हाय चुकलं. चुकायची वाट बगत बसू व्हय? काल मला त्यानं काय इचारलं ठावं हाय? आई, नवी चप्पल घिऊ का. जकातनाक्यावर उबा राहून ट्रका अडवतोय, आन् चप्पल घ्यायला आईला इचारतोय. त्यात त्याचा दोष न्हाय. मी हाय न्हवं हितं, मग इचारनारच की. आन् तू बी. रोज सकाळी, आत्याबाई, भाजी कुटली करू? आगं शाळंत चाळीस पोरं तुज्या शब्दावर उटत्यात, बसत्यात."

मी म्हटलं, विचारायलाच पाहिजे ना, घर तुमचं.

त्यावर तुम्ही जे सांगितलंत ते सांगायला तुम्हाला तीन भाकऱ्या लागल्या. लहानपणीच लग्न होऊन या घरात आलात. सासू होती तोवर भाजी कोणती करायची हे तीच सांगायची, आणि ती भरपूर जगली. "ती गेली तवा माजं क्यास पिकलं हुतं. पावनेरावळे गेले, आन् सकाळी भाजीवाली दारात आली. म्हनली, काय दिऊ? मला सांगताच यीना. वांगी म्हनावं तर माज्या सासऱ्याला आवडायची, मेथी म्हनावं तर सासूला. मला काय आवडतंय ते मलाच ठावं न्हाय. ती बाई उबी राहून राहून निगून गेली. त्या दिशी समद्यानी चटनीभाकरी खाल्ली." आणि मग, शेवटची भाकरी थापताना, "तुजं तसं हू नये."

आत्याबाई, माझ्या आईनंसुद्धा माझ्यासाठी एवढा विचार केला नव्हता. तेव्हा मी कांदा चिरत होते हे बरं झालं.

खोल्या तुम्ही आधीच हेरून ठेवल्या होत्या. विजापूर रस्त्याला, माझ्या शाळेजवळ, पत्र्याच्या दोन. त्याच भाजीवालीकडून कळलं होतं म्हणे. अडचण उरली ती एकच. लोक म्हणणार, नोकरीवाली सून, पगार हातात आला आणि नवऱ्याला घेऊन सटकली. करकंबला माझ्या वडिलांपर्यंत ते जाणार. पुढं दोन-तीन दिवस तुम्ही नुसत्याच भाकऱ्या थापल्यात. मग एका सकाळी थापेखालून आलं, "आपन भांडान करू. नळाच्या टायमाला. मी तुला घराभायेर काडते. मग तुजं नाव कोन घील?"

कशावरून भांडायचं, यावर आपण आठवडाभर खल केला. मला ते दिवस आठवले की अजून हसू येतं. मी सुचवलं, शाळेतून उशिरा आले म्हणा. तुम्ही म्हणालात, ते नोकरीवर जातंय, नको. मी म्हटलं, उलट बोलले म्हणा. ते माहेरावर जातंय, नको. शेवटी मी चेष्टेनं म्हटलं, तव्यावर अंडं तळलं म्हणा. तुमच्या हातातला गोळा परातीत पडला. "शिव शिव. मग तुला तर लोक हिरीत ढकलत्यालच, वर तवा बी टाकावा लागंल." तुम्हाला अशी चूक पाहिजे होती की ती ऐकून लोकांनी तुम्हालाच नावं ठेवावीत. शेवटी ठरलं ते असं की माझी भाकरी जाड. तोवर माझी भाकरी चांगली पातळ यायला लागली होती. समोरच्या हातमागवाल्यांच्या घरातली तेलुगू अक्का ती आवडीनं मागून न्यायची. "म्हंजे अक्काला कळतंय की म्हातारी खोटं बोलाय लागलीया," तुम्ही खुशीत येऊन म्हणालात. बेत असा होता की भाकऱ्या परातीत घालून मी तुमच्यापुढं आणायच्या, आणि तुम्ही त्या चटणीसकट दाराबाहेर भिरकावून द्यायच्या.

रविवार होता. मामंजी दुकानात, दीर बाहेर, हे आरशापुढं दाढी करत होते. ह्यांना आपण काही सांगितलं नव्हतं. ह्यांच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं, अजूनही दिसतं. मी परात घेऊन आले तर तुम्ही दारातून नळाकडं बघत होतात. हळूच म्हणालात, "थांब. आनकी दोनचार जनी यिऊ दीत." आपण तशाच उभ्या राहिलो. मग तुम्ही पदर खोचला आणि जो काही आवाज काढलात तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. ही काय भाकरी हाय का घोंगडं, हिच्या आईनं हिला काय शिकवलं, ह्या घरात हे चालायचं न्हाय. नळावरच्या कळशा जागच्या जागी थांबल्या. माझं काम फक्त मान खाली घालून रडायचं होतं, आणि मला मेलीला हसूच आवरेना. पदर तोंडात कोंबला, खांदे हलायला लागले. नळावरून कुणीतरी म्हणालेलं ऐकू आलं, आई गं, किती रडाय लागलीय बघ पोर.

मग परात फेकायची वेळ आली. तुम्ही परात हातात घेतलीत, उचललीत, आणि थांबलात. भाकऱ्यांकडं बघितलंत. दुसऱ्या हातानं एकेक भाकरी काढून शेजारच्या बुट्टीत ठेवलीत, नीट, एकावर एक. चटणीची वाटी फळीवर ठेवलीत. परातीच्या काठाला लागलेला चटणीचा कण बोटानं पुसून तोही वाटीत घातलात. एवढं सगळं होईपर्यंत तुमच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. मग ती रिकामी पितळी परात तुम्ही दाराबाहेर अशी भिरकावलीत की ती उतारावरून खणखणत थेट नळापाशी गेली.

हे अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून धावत आले. "आई, काय झालं?"

"हिला घे आन् निघ. आजच्या आज निघ."

"कुठं जाऊ?" ह्यांनी विचारलं. सवयच ती. आणि आत्याबाई, तुम्ही खोल्यांचा पत्ता सांगायला तोंड उघडलंत. मी बघितलं. उघडलंत आणि मिटलंत.

त्यानंतर जे झालं ते आपण ठरवलेलं नव्हतं. तुम्ही एकदम पायरीवर बसलात. आवाज खाली आला, आणि मराठी सुटली. "नन्न मगन्न करकोंड होंटाळ," तुम्ही म्हणालात. माझ्या मुलाला घेऊन निघाली ही. नळाकडं तुमचं लक्ष नव्हतं. ते वाक्य गल्लीला ऐकू जाण्याइतकं मोठंही नव्हतं. तुम्ही ह्यांच्या त्या साबण लागलेल्या गालाकडं बघत होतात. मला तोवर तेवढं कानडी कळायला लागलं होतं. माझं हसू तिथंच गेलं आणि खरं रडू आलं, पण तोंडावर पदर होताच, त्यामुळं गल्लीला दोन्हींत काही फरक कळला नाही.

दुसऱ्या दिवशी आपल्याच डोक्याला ताप झाला. भांडण म्हटलं की मिटवणारे येतात, याचा आपण विचारच केला नव्हता. मामंजी मठातल्या स्वामींना घेऊन आले. स्वामी मोठे गोड माणूस. दोघी एका ताटात जेवा, म्हणाले, मिटलं. समोर अक्का, दारात बायका, मामंजींचे डोळे भरलेले. मला वाटलं संपलं सगळं, आता जेवावंच लागणार. तुम्ही स्वामींच्या पायावर डोकं ठेवलंत, इभूत घेतलीत, आणि हात जोडून म्हणालात, "स्वामी, तुमी म्हनाल ते खरं. पन हिची भाकरी जाडच हाय." स्वामी उपरणं सावरत उठले. मामंजी त्यानंतर कितीतरी दिवस तुमच्याशी बोलले नाहीत. जेवणाचं ताट वाढलं की मुकाट जेवायचे आणि उठायचे. त्यांनाही तुम्ही खरं सांगितलं नाहीत. मी विचारलं होतं, का नाही सांगत. "त्येंच्या पोटात ऱ्हात न्हाय," एवढंच म्हणालात.

शाळेजवळच्या त्या खोल्या मीच ह्यांना सुचवल्या, आणि आम्ही हातगाडीवर सामान घालून निघालो तेव्हा तुम्ही बाहेर आला नाहीत. नव्या खोलीत ट्रंक उघडली तर माझ्या लग्नातल्या शालूत गुंडाळलेला तुमचा तवा निघाला. वर्षानुवर्षं तेलपाणी खाऊन काळाभोर, गुळगुळीत झालेला. नव्या तव्यावर भाकरी चिकटते, तो वळणावर यायला कितीतरी दिवस जातात, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. म्हणजे त्या घरात तुम्ही नवा तवा घेतला होता आणि चिकटलेल्या भाकऱ्या खरवडत बसला होतात, मामंजींच्या अबोल्यासकट. शालू मांडीवर घेऊन मी किती वेळ बसले ते मला सांगता येणार नाही. मला तुमची फार आठवण आली. तुमचं घर तर शहराच्या त्याच बाजूला होतं, बसनं थोडा वेळ लागला असता, आणि तरीही.

सकाळी भाजीवाली आली. काय देऊ म्हणाली. मी ह्यांच्याकडं बघितलं, ह्यांनी माझ्याकडं. दोघांनीही तुमच्याकडं बघायला मान वळवली असावी, पण तिथं पत्र्याची भिंत. मी घाबरून सगळंच घेतलं, वांगी, मेथी, चाकवत, दोडके. भाज्या चार दिवस पुरल्या आणि शेवटी वाळल्या. मीठ कधी जास्त, कधी नाहीच. पहिल्या पावसात पत्रा गळला तेव्हा ह्यांनी आईला विचारून येतो म्हणून चपला घातल्या, दारापर्यंत गेले, तिथंच थांबले, परत आले आणि शेजाऱ्याकडून शिडी मागून वर चढले. डांबर अंगभर झालं, गळायचं काही थांबलं नाही. पण खाली उतरलेला माणूस जरा वेगळा होता. संध्याकाळी बाजारात गेले आणि कुणालाही न विचारता नवी चप्पल घेऊन आले. एक नंबर लहान होती. ती त्यांनी वर्षभर घातली, आणि मी एक शब्द बोलले नाही.

तुम्ही मात्र त्या भांडणाचं पुढं बरंच भोगलंत. दिरासाठी मंद्रूपहून एक स्थळ आलं होतं, मुलगी सगळ्यांना पसंत. त्यांनी रीतीप्रमाणे गल्लीत चौकशी केली, आणि सासू खाष्ट आहे, परात फेकते, हे त्यांना पहिल्याच दारात कळलं. ते परत फिरकले नाहीत. मी त्या दिवशी शाळेतून तडक तुमच्याकडं आले. म्हटलं, आता सांगून टाकू सगळ्यांना. तुम्ही शेंगा निवडत होतात. म्हणालात, "सांगून काय करनार? आपन येड्यात निगू. यील दुसरं." दुसरं आलं, पण मधे खूप दिवस गेले, आणि त्या दिवसांत तुम्ही नळावर एकट्याच पाणी भरायचा.

ते कानडी वाक्य मी एकदाच तुमच्यापाशी काढलं. वेळा अमावस्येला मैंदर्गीच्या शेतावर आपण सगळे जमलो होतो. तिथं गल्ली नाही, नळ नाही, त्यामुळं आपल्याला एकमेकींशी गोड वागायची मुभा होती. कडब्याच्या कोपीत पूजा झाली, भज्जी आणि बाजरीचे उंडे खाऊन सगळे जोंधळ्याच्या कडेला लवंडले. मी तुमच्या शेजारी बसले होते. विचारलं, आत्याबाई, त्या दिवशी शेवटी कानडीत बोललात, ते भांडणातलं होतं की खरं? तुम्ही माझ्या पेल्यात आंबील ओतत होतात. ओतत राहिलात, ती काठावरून माझ्या हातावर आली. आंबील सांडली म्हणून तुम्ही काही बोललाही नाहीत, आणि तुम्ही तर चटणीचा कणही पुसून वाटीत घालणाऱ्या. मग म्हणालात, "भांडनात मानूस काय बी बोलतंय. पी, गार हाय." मी प्यायले. तेव्हा मला वाटलं होतं की मला उत्तर मिळालं नाही.

तुम्ही गेलात त्या दिवशी समोरची अक्का माझ्याजवळ येऊन बसली. खूप थकली होती ती. तुमच्याकडं बघत मोडक्या मराठीत म्हणाली, "मी कदी कुनाला सांगितलं न्हाय. पन एवडी भांडखोर बाई आदी भाकऱ्या बुट्टीत ठिवती आन् मग परात फेकती व्हय?" म्हणजे तिनं नळावरून सगळं बघितलं होतं. मंद्रूपच्या लोकांनी तिच्या दारात विचारलं असतं तर तिनं काय सांगितलं असतं कोण जाणे. त्यांनी विचारलं दुसऱ्याच दारात.

आता आजचं. तुमचा नातू आणि नातसून माझ्याजवळ राहतात. तो इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो, ती बँकेत अधिकारी आहे. दोघं होटगी रस्त्याला एक फ्लॅट बघून आलेत. मला सांगितलेलं नाही. मी खोलीत गेले की बोलणं थांबतं, आणि एकदा दाराआडून ऐकलं, "आईंना वाईट वाटेल, राहू दे." वेगळं राहायचं असं राहू दे, राहू दे करत दोन वर्षं लांबलंय. सून गुणाची आहे. रोज सकाळी पर्स खांद्याला लावून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते आणि विचारते, "आई, आज भाजी कुठली करू?" लाखोंची कर्जं मंजूर करणारी मुलगी. आणि खरं सांगू, मला ते विचारलेलं फार आवडतं. मी लगेच सांगत नाही, जरा विचार केल्यासारखं करते.

हे आता स्वतःच पिशवी घेऊन मंडईत जातात आणि मनाला येईल ती भाजी आणतात. परवा दोडके निवडता निवडता मला म्हणाले, "पोरांना आता सांगायला पाहिजे. आपल्याला बरं कुणीतरी वेळेवर हाकललं." त्यांना मी पुढं केव्हातरी सगळं सांगितलं होतं. ते हसले नव्हते तेव्हा, नुसते उठून तुमच्या फोटोपुढं जाऊन उभे राहिले होते. ह्यांचं म्हणणं खरंच होतं. आता तर भांडणाचीही गरज नाही, नळ घराघरात आहे, कोण कुठं राहायला गेलं याच्याशी कुणाला घेणंदेणं नाही. नुसतं "जा" म्हणायचं.

म्हणून आज सुट्टीच्या दिवशी पीठ घेऊन बसले. तुमचाच तवा. सुनेला शेजारी बसवलं, म्हटलं, बघ कशी थापतात ते. पहिल्या भाकरीला काही बोलले नाही. दुसरीला तोंड उघडलं, आणि आत्याबाई, आतून आलं ते "जा" नव्हतं. तुमचं ते कानडी वाक्य आलं, जसंच्या तसं, फक्त ह्यावेळी घेऊन निघालेली ती माझ्याशेजारी गुडघे मोडून बसलेली, पिठाचे हात घेऊन माझ्याकडं बघत असलेली. ते मी गिळलं. वेळा अमावस्येला विचारलेल्याचं उत्तर तेव्हा मिळालं. ते खरं होतं. खरं होतं आणि तरी तुम्ही आम्हाला घालवलंत, आणि वर तवा दिलात.

तिसऱ्या भाकरीला मी म्हटलं. "तो होटगी रस्त्याचा फ्लॅट घेऊन टाका तुम्ही दोघं." अगदी शब्द न् शब्द म्हटला.

ती पुढं वाकली. "काय म्हणालात, आई? ऐकू नाही आलं."

"काही नाही," मी म्हटलं, "तवा बघ, फार तापला का."

मग तिनं विचारलं, संध्याकाळी भाजी कुठली करू. मी म्हटलं, मेथी.

हे लिहून झालं की कागद पिठाच्या डब्याखाली सरकवून ठेवणार आहे. दुसरीकडं पाठवायची काही सोय नाही, आणि निदान पीठ घ्यायला गेले की हाताला लागेल. तुमच्या हाताचं माप मला कधी आलं नाही, असं वर लिहिलं आहे. दुसऱ्या कुणालाही मी तेच सांगितलं असतं. पण तुम्ही शेजारी बसून ऐकलं असतंत तर तुम्हाला लगेच कळलं असतं, की ती तिसरी भाकरी मी मुद्दाम जोरात थापत होते.